पुढची खुर्ची

दानेश्वरीनं एक वाक्य गाळलं, हे काशम्माला तिथल्या तिथं कळलं. इंग्रजीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण सुनेचा श्वास कळत होता. लॅपटॉपवर आलेलं परीक्षक बाईंचं ते पत्र दानेश्वरी एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तीच मराठीत सांगायची, आणि भाकरी उलटावी तसा त्या वाचण्या-सांगण्याला एक ताल बसला होता. मध्येच एका जागी तिनं इंग्रजीत वाचलं, थांबली, आणि मराठीत काहीच न सांगता पुढच्या ओळीवर गेली. काशम्मा चटणीसाठी लसूण सोलत बसली होती. तिनं हातातली पाकळी ताटलीत ठेवली.

"मधलं सांग."

"कुठलं मधलं?"

"जे गिळलंस ते."

दानेश्वरीनं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "त्या बाई म्हणतात, बाकीच्या विद्यार्थिनी प्रत्येक उत्तराआधी पुढच्या खुर्चीवर बसलेल्या वयस्कर बाईंकडं बघत होत्या. त्या वर्गात असतील तोवर बाकीच्या बोलणार नाहीत. पुढचा तास त्यांच्याशिवाय घ्यावा." एवढं बोलून तिनं लॅपटॉप मिटला आणि मिटलेल्या झाकणाकडं बघत म्हणाली, "हा तास नापास आहे, आव्वा. आता एकच मिळतो. तो गेला तर सगळंच गेलं."

काशम्मानं पाकळी परत उचलली. तिला चांगलं सणसणीत काहीतरी बोलायचं होतं. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर मी बसले, तर सातासमुद्रापलीकडच्या बाईच्या पोटात का दुखतं, असं. जिनं सोलापूर नकाशावर सुद्धा पाहिलं नसेल, जिला जोंधळा आणि बाजरीतला फरक सांगता यायचा नाही, ती पंचेचाळीस मिनिटं एक व्हिडिओ बघते आणि मला उठवते. शब्द सगळे ओठांपाशी तयार होते, एरवी ते कुणाची वाट बघत थांबले नसते. पण त्या बाईचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नाही हे काशम्माला पत्र यायच्या आधीच ठाऊक होतं, आठ दिवसांपासून ठाऊक होतं. त्यामुळं शब्द तसेच राहिले आणि लसणाचं साल नखात जाऊन चुरचुरत राहिलं.

दानेश्वरी दोन वर्षं हे शिकत होती. परदेशातल्या एका विद्यापीठाचं एम.ए., घरबसल्या, कॉम्प्युटरवर. ज्यांच्या घरात इंग्रजी कधी शिरलंच नाही अशा माणसांना ते कसं शिकवायचं, याचंच शिक्षण. काशम्माला पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं होतं. इंग्रजी शिकायचं हे समजतं, पण इंग्रजी शिकवायला शिकायचं, आणि तेही इंग्रजांकडून, म्हणजे गिरणीवाल्याला दळण कसं द्यायचं ते शिकायला दुसऱ्या गिरणीत जाण्यासारखं. दानेश्वरी रागावली नाही. ती रागावत नाहीच, तिचं माहेर मंगळवेढ्याचं, तिथल्या काळ्या रानासारखी ती सगळं आत मुरवून घेते. पस्तिशीची झाली, एका बालवाडीत ए बी सी डी म्हणवून घेते, आणि दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली की कानाला ते काळं यंत्र लावून पडद्यावरच्या लोकांशी बोलते. बोलताना तिचा आवाज बदलतो, जरा खालच्या पट्टीत जातो. काशम्मानं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं घरात कुणी पाहुणी आली आहे. शेवटी शेवटी त्यांनी अट घातली की खरा वर्ग घेऊन दाखवायचा. विद्यार्थी मोठे हवेत, कमीत कमी सहा, अगदी कोरे, आणि मध्ये न थांबवता घेतलेला व्हिडिओ. दानेश्वरी चार दिवस घरोघरी फिरली. कुणाच्या नवऱ्याला पटलं नाही, कुणाच्या लेकराची परीक्षा निघाली. तेव्हा काशम्मा म्हणाली होती, "भाकरी थापणाऱ्या माझ्या सहा बाया हायत की. घे."

ते नुसतं देणं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा दानेश्वरीचं बी.एड. अर्धं झालेलं होतं, आणि काशम्मानं एका वाक्यात ते थांबवलं होतं. घरात तव्याला माणूस न्हाय आन तुमी कुटं निघाला. एवढंच. तिचा मुलगा शिवकुमार तेव्हा भिंतीला टेकून उभा होता, तो काही बोलला नाही, आता चाकणला कंपनीत असतो, तिथूनही काही बोलत नाही. त्या वाक्याबद्दल सून-सासूत पुन्हा शब्द निघाला नाही. पण सहा बाया देताना काशम्माला छातीत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याच भरात, बायांनी चुकारपणा करू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपल्या घरात चाललेल्या गोष्टीत आपण नाही असं कधी झालं नाही म्हणून, तिनं पुढच्या खोलीतली वेताची खुर्ची ओढली आणि सगळ्यात पुढं बसली. बाया मागं सतरंजीवर. सातवी मी, ती म्हणाली होती. दानेश्वरीनं एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मोबाईल तिकाटण्यावर चढवला.

तो तास काशम्माला आठ दिवस पुन्हा पुन्हा दिसत होता, झोपेत दिसतं तसा, हात उचलावा तर उचलत नाही अशा जडपणानं. बायांनी हात धुतले होते, तरी नखांच्या कडेला पीठ होतं. सगळ्यांनी धुतलेली लुगडी नेसावीत असं तिनंच बजावलं होतं. दानेश्वरीनं चित्रं दाखवली, पोळी, भात, केळं, चहाचा कप, आणि त्या खालच्या पट्टीतल्या आवाजात विचारलं, व्हॉट डू यू ईट इन द मॉर्निंग. सकाळी काय खाता. त्याआधी चारदा तिनं स्वतः करून दाखवलं होतं, प्रश्न सगळ्यांना कळला होता, काशम्मालाही कळला होता. दानेश्वरीनं नागूबाईकडं हात केला. नागूबाईचा आवाज माहीत नाही असं माणूस त्या पेठेत नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती घोषणा देते तेव्हा पुढच्या चौकातला माणूस वळून बघतो. त्या नागूबाईनं काशम्माकडं पाहिलं. काशम्मानं मान हलवली, बोल म्हणून. नागूबाईला वाटलं असावं, थांब म्हणून. तिनं पदर तोंडाला लावला. काशम्मानं हातानं खूण केली, बोल की. ती खूण वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी होत आलेली होती, हात आवरा, भाकरी करपतीय. नागूबाईनं मान खाली घातली. मग नरसम्माकडं, मग तिच्या शेजारणीकडं, दानेश्वरीचा हात एकेका बाईपुढं जायचा आणि एकेक मान आधी खुर्चीकडं वळायची, मग खाली जायची. काशम्माला त्या सगळ्या नजरा तोंडावर बसताना जाणवत होत्या. तिनं चेहरा मऊ करायचा प्रयत्न केला. साठ-सत्तर वर्षं ज्या चेहऱ्याला तशी सवय नाही तो काही एका दुपारीत मऊ होत नाही, उलट ताणल्यासारखा होतो, आणि बायांना वाटलं, आव्वा चिडल्या. दानेश्वरी प्रश्न विचारून गप्प थांबत होती. शिकवणारीनं कमी बोलायचं, शिकणाऱ्यांना बोलू द्यायचं, असा त्यांचा नियम आहे. त्या गप्पपणात पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, आणि मोबाईलवरचे आकडे पुढं जात होते. शेवटी काशम्माच्यानं राहवलं नाही. "बोला की गं, दातखीळ बसली का काय?" तेव्हा सगळ्या बोलल्या. एका सुरात, शाळेतली पोरं प्रतिज्ञा म्हणतात तशा. आय ईट भाकरी. आय ईट भाकरी. आय ईट भाकरी. सहाच्या सहाजणी. नरसम्मासुद्धा. नरसम्मा तेलुगू घरातली, साखरपेठेतली, जन्मात कधी सकाळी भाकरी न खाल्लेली. रात्रीचा भात ताकात कालवून खाते ती, आणि रोज त्याचा डबा इथं घेऊन येते. काशम्मा ते रोज बघते. मालकीण भाकरी विकते तर आपणही भाकरीच खायला हवी, एवढंच तिला सुचलं होतं.

हे कुणी शिकवलं, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं, पत्र येईपर्यंत तरी. घरामागच्या पत्र्याच्या शेडला ती कारखाना म्हणते, सहा चुली, शेवटी वाळवायच्या लाकडी मांडण्या. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. थापताना एक बोट जड पडलं तरी वाळताना तिथंच तडकते. म्हणून तव्यापुढं बोलायचं नाही, ही तिची शिस्त. नवी बाई आली की पहिला महिना तिनं नुसतं बघत बसायचं, प्रश्न विचारायचा नाही. चुकली तर काशम्मा काही सांगायची नाही, भाकरी मोडून परत परातीत टाकायची, बाईनं आपलं आपण ओळखायचं. एकदा पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं, शेडच्या दारात उभं राहून म्हणालं, इतक्या बाया आणि आवाज नाही, कमाल आहे. ते वाक्य काशम्मानं किती वर्षं जपलं. नागूबाईला एकोणीस वर्षांपूर्वी तव्यावर बसवलं तेव्हा भावकीतल्या दोन घरांनी भाकरी न्यायचं बंद केलं होतं, आणि काशम्मा दारात उभी राहून म्हणाली होती, नगा नेऊ, हात तिचा हाय, चव माझी हाय. हेही वाक्य तिनं जपलं होतं, आणि वर्षातून दोन-चारदा नागूबाईला ऐकवलंही होतं. नागूबाई ते ऐकून घ्यायची. आता काशम्माच्या मनात आलं, ऐकून घेताना ती कुठं बघत होती? आठवेना. एकोणीस वर्षांत नागूबाईनं या घरात स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट आठवायला ती बसली, आणि तिला एकही सापडली नाही.

आणि तरी गप्प बसणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. अक्कलकोटपलीकडच्या गावातून ती पंधराव्या वर्षी सोलापुरात आली. शाळा झाली होती दोन इयत्ता, कानडी. मराठी यायचं नाही. सासूबाईंना कानडी यायचं, पण त्या बोलायच्या नाहीत, पेठेत राहायचं तर पेठेसारखं बोला म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात तिनं मराठीत काहीतरी मागितलं, मीठ असावं, आणि ओसरीवर बसलेली सगळी माणसं हसली. वाईट नव्हती ती माणसं, सहज हसली. पण तिची जीभ आत गेली ती वर्षभर बाहेर आली नाही. वर्षभर ती मान हलवून जगली. मोरीत भांडी घासता घासता कान तेवढे उघडे ठेवायची, आणि कानावर पडायचं ते सासूचं बोलणं. दूध उतू गेलं, डोळे फुटले काय. पाणी सांडलं, हात मोडले काय. एक दिवस भाजीवालीनं मापात मारलं आणि काशम्माच्या तोंडून फाडकन एक आख्खं मराठी वाक्य बाहेर पडलं, सासूचं, सासूच्या आवाजात. भाजीवाली गप्प झाली. सासू दारात येऊन बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिच्याकडं बघून हसली. त्या दिवसापासून काशम्माला मराठी आली, पण ती अशी आली. तिच्याकडं जेवढी मराठी होती ती सगळी याच मुशीतली होती. मऊ बोलायचं ते कानडीत राहिलं, आईचं, बा, कुंदर, म्हणजे ये, बस, ऊट आत, म्हणजे जेवलीस का. त्या भाषेत बोलायला तिचे यजमान चनमल्लप्पा होते तोवर रात्रीचे दोन शब्द व्हायचे. ते गेले. शिवकुमारला कानडी समजत नाही. दानेश्वरीला तर नाहीच.

शुक्रवारी दुसरा तास ठरला. गुरुवारी दुपारी दानेश्वरी शेडच्या दारात आली, मांडणीवरच्या भाकऱ्या नीट करू लागली, ज्या नीटच होत्या. "आव्वा, उद्या..." एवढंच म्हणाली.

"उद्या मला जोंधळा बघायला जायचंय मंगळवेढ्याला," काशम्मा म्हणाली. "तुझ्या चुलत्यानं निरोप धाडलाय."

चुलत्यानं निरोप धाडला असता तर तो आधी पुतणीला कळला असता. दानेश्वरीनं मान हलवली. "एस.टी. साडेबाराची बरी पडते," ती हळू म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की काशम्माला वाटलं, हिनं निदान एकदा तरी म्हणावं, नका जाऊ. ती तसं म्हणणार नव्हती. म्हणायला नकोही होतं.

शुक्रवारी जेवण झाल्यावर काशम्मा पिशवी घेऊन बाहेर पडली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, रिक्षावाल्यानं स्टँड काय म्हणून विचारलं, त्याला नाही म्हणाली आणि परत फिरली. घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, धोंडीरामची पिठाची गिरणी. तिथल्या बाकावर ती बसली. आपल्या दाराकडं तोंड करून आपण कधी बसलोच नाही, हे तिला तिथं बसल्यावर कळलं. दार लहान होतं. तिला वाटायचं त्यापेक्षा पुष्कळ लहान.

धोंडीराम पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर आला. "आव्वा, आज हिकडं कशा? सुनंनं काढलं काय घरातनं?"

"तुझ्या बायकूनं तुला कितींदा काढलं ते मोज आदी."

"मी आपला इचारलो."

"दळ गप."

तो हसत आत गेला आणि पट्टा चालू केला. गिरणीच्या घरघरीत काहीच ऐकू येईना. समोर पुढच्या खोलीची खिडकी अर्धी उघडी होती, पडद्याच्या फटीतून कुणाचा तरी हिरवा पदर हलताना दिसत होता. आजही बोलल्या नाहीत तर? मग दोष कुणाचा म्हणायचा? आणि बोलल्या तर? तिला हे दुसरं जास्त भीती घालत होतं, आणि त्याची लाज वाटून तिनं पिशवीच्या बंदाला एक गाठ मारली, मग ती सोडवत बसली. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर ओठ हलेनात. काय मागायचं त्याच्याकडं? सुनेचा तास होऊ दे, म्हणजे माझ्याशिवाय होऊ दे. असलं मागणं तिनं जन्मात मागितलं नव्हतं.

मग वीज गेली. पट्टा फडफडत थांबला, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत रस्त्यापलीकडून आवाज आले. आधी दानेश्वरीचा, थोडका, तो खालच्या पट्टीतला. मग एक आवाज, काशम्माला ओळखूच येईना, बारीक, हसरा, भरभर बोलणारा. राईस, तो आवाज म्हणाला, राईस अँड ताक. कुणीतरी खिदळलं. ताकाला काय म्हणत्यात गं, विचार की बाईंना. राईस म्हणणारी नरसम्मा होती. काशम्मानं तिला नऊ वर्षं रोज पाहिली होती आणि तिचा आवाज असा आहे हे तिला माहीत नव्हतं. मग दुसरा, मग तिसरा, एकीच्या बोलण्यात दुसरी घुसत होती, चुकत होत्या, चुकल्या की त्यांचं त्याच हसत होत्या, आणि कुणी काही मोडून परातीत टाकत नव्हतं. काशम्मा पुढं वाकून बसली. उन्हाची तिरीप पायावर आली होती, पाय ओढून घ्यायचं तिला सुचलं नाही. मग नागूबाई बोलली. तिचा तो मिरवणुकीतला आवाज, मोकळा, आख्खा, पहिल्यांदाच त्या घरातून बाहेर येत होता. एक लांब इंग्रजी वाक्य, अडखळत, पण थांबत नाही. त्याच्या मध्ये एक शब्द काशम्माला कळला. आव्वा. मग दोन-चार इंग्रजी शब्द, मग परत आव्वा, आणि सगळी खोली एकदम हसली. दानेश्वरीसुद्धा हसली. दानेश्वरीचं असं मोठ्यांदा हसणं बारा वर्षांत काशम्मानं ऐकलं नव्हतं.

"तुमचंच नाव घेतलं की," धोंडीराम दारात येऊन म्हणाला.

"काय म्हनली?"

"मला कुटलं इंग्रजी येतंय, आव्वा."

ती परत खिडकीकडं वळली. ते हसणं कसलं होतं, हे तिला समजेना. वाईट नसेल. ओसरीवरची माणसंही वाईट नव्हती. उठावं, रस्ता ओलांडावा, दार ढकलावं, आणि विचारावं, काय म्हणालीस गं माझ्याबद्दल. चार पावलं. पण ती आत गेली असती की खोली गप्प झाली असती, आणि सुनेचा उरलेला एकुलता एक तास तिथंच संपला असता. तिनं बाकाची फळी दोन्ही हातांनी धरली. मोबाईलवरचे आकडे आत पुढं सरकत असतील. सरकू देत. चांगलं चाललंय, ती स्वतःला म्हणाली, हेच पाहिजे होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पिठाच्या धुळीचं म्हणून तिनं पुसलं. बाया बाहेर आल्या की एक गोड शब्द बोलायचा, तिनं ठरवलं. लई चांगलं बोललाव गं. एवढंच. मनात तिनं ते जुळवून पाहिलं, चारदा, पाचदा, दानेश्वरी बायांकडून घटवून घेते तसं. बरोबर वाटलं. सोपं होतं.

दार उघडलं तेव्हा त्या अजून हसतच होत्या. नरसम्मा कुणाच्या तरी पाठीवर थाप मारत पायरी उतरली, आणि तिला समोरच्या बाकावर काशम्मा दिसली. तिचा हात हवेतच थांबला. मागच्या बायांना ते कळायला वेळ लागला नाही. हसणं एकेका तोंडावरून गेलं, पदर डोक्यावर, खांद्यावर नीट झाले, आणि दार ते शेड एवढ्या अंतरासाठी त्या सहाजणी आपोआप एका ओळीत आल्या. त्यांच्या मागं उंबऱ्यावर दानेश्वरी उभी होती, मोबाईल छातीशी धरून, चेहरा तापल्यासारखा लाल. तिनं मान हलवली, झालं म्हणून. चांगलं झालं म्हणून.

काशम्मा उठली. तिनं तोंड उघडलं.

"दुपारचं पीठ मळून उघडं टाकलाव न्हवं तसंच?"

"न्हाय आव्वा, झाकलंय," सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ओळ बोळातून शेडकडं वळली. नागूबाई शेवटी होती. ती बोळाच्या तोंडाशी थांबली, कारण काशम्माचे ओठ अजून हलत होते.

"काय म्हनत हुता, आव्वा?"

काशम्मानं तिच्याकडं पाहिलं. जुळवलेलं वाक्य होतं, जिभेवर होतं, आणि त्याच्या पुढं दुसरी सगळी वाक्यं दारात गर्दी करावी तशी उभी होती.

"काय न्हाय. जा."

नागूबाई एकोणीस वर्षांच्या सवयीनं लगेच गेली.